ब्रँच बदलताना मधे थांबलं तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत अमेरिकेतल्या रेसिडेन्सीवर (एमडी झाल्यावर हॉस्पिटलात एका ब्रँचचं जे ट्रेनिंग घेतात त्यावर) लेख आला होता, माहिती चांगली होती, पण शेवटी असं काहीतरी लिहिलं होतं की ब्रँच बदलायची वेळ आलीच तरी मधे गॅप पडू देऊ नका, गॅप पडली की संपलं. ते वाचून ओळखीतल्या एका आईचा मला फोन, मुलगी सर्जरी सोडून सायकियाट्रीला जायचं म्हणतेय आणि वर मधे थोडं थांबणार म्हणतेय, आता तिचं कसं होणार. मी तिकडेच फिजिशियन आहे आणि रेसिडेंट निवडायच्या इंटरव्ह्यूंना बसते, असे गॅपवाले अर्ज समोर येतातच, म्हणून म्हटलं लिहावं.

मुळात ही गॅप बऱ्याचदा कोणी हौसेने घेत नाही, कॅलेंडरमुळे पडते. तिकडे वर्ष १ जुलैला सुरू होतं, मॅचचा, म्हणजे कोणाला कुठल्या हॉस्पिटलात जागा मिळाली याचा, निकाल मार्चमधे, आणि त्याचे अर्ज आदल्या सप्टेंबरात गेलेले असतात. आता सर्जरीच्या इंटर्नला (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला) हे आपलं काम नाही हे कळायलाच डिसेंबर-जानेवारी उजाडतो, तोवर त्या वर्षीचे इंटरव्ह्यूसुद्धा उरकत आलेले असतात. मग जूनपर्यंत वर्ष पूर्ण करून सोडलं तर नवीन ठिकाणी जॉइनिंग थेट पुढच्या वर्षीच्या जुलैला. मधेच कुठे जागा रिकामी झाली, किंवा आधी ट्रेनिंग झालेल्या डॉक्टरांसाठी मॅचमधे वेगळ्या ठेवलेल्या थोड्याशा जागा असतात त्यातली लागली तर गोष्ट वेगळी. यात मुलीचा आळस कुठे आला?

दुसरी एक भीती घालतात ती फंडिंगची, की एकदा ब्रँच बदलली की तुमचे पैसे संपतात आणि मग कोणी घेत नाही. अर्धवट खरं आहे. रेसिडेंटमागे हॉस्पिटलला मेडिकेअरकडून (तिकडच्या सरकारी आरोग्य विम्याकडून) पैसे येतात आणि पूर्ण दराने किती वर्षं येणार ते तुमच्या पहिल्या ब्रँचवरून ठरतं, इंटर्नल मेडिसिन असेल तर ३, जनरल सर्जरी असेल तर ५. त्यापुढे ट्रेनिंगच्या थेट खर्चापोटी येणारं पेमेंट निम्मं होतं, बंद होत नाही. म्हणजे सर्जरीचं १ वर्ष आणि सायकियाट्रीची ४ धरली तरी ५ च्या आत बसलं. उलटं, ३ वर्षांच्या फॅमिली मेडिसिनमधून ५ वर्षांच्या सर्जरीला जाणाऱ्याचं गणित जरा अडतं. आणि यात मोजतात ती ट्रेनिंगची वर्षं, घरी बसलेलं वर्ष धरत नाहीत.

खरी अडचण व्हिसाची, आणि तुमच्या लेखात नेमकं त्यावर अक्षर नाही. जे-१ व्हिसावर असलेल्याला ब्रँच एकदाच बदलता येते आणि तीही जे-१ सुरू झाल्यापासून २ वर्षांच्या आत, पुढे सुचलं तर त्या व्हिसावर दार बंद. शिवाय तो व्हिसा ट्रेनिंगसाठीच असतो, प्रोग्रॅम संपला की ३० दिवसांत निघायचं, तिकडेच राहून वर्षभर विश्रांती हा प्रकार नाही. एच-१बी वाल्याला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असेल तर ही कटकटच नाही, म्हणून सगळ्यांना एकच सल्ला देऊन चालत नाही. त्या आईंना मी पहिलं हेच विचारलं की मुलगी कुठल्या व्हिसावर आहे, तर त्यांना माहीत नव्हतं!

आता इंटरव्ह्यूत काय होतं ते सांगते. गॅप दिसली की आम्ही विचारतो, विचारणारच, पण आठवड्याला ८० तासांची मर्यादा असते (तीही ४ आठवड्यांची सरासरी काढून) अशा ठिकाणाहून आलेलं माणूस "दमले होते, घरी गेले, झोपले, मग विचार केला" असं सरळ म्हणालं तर त्यात मला तरी काही खटकत नाही. खटकतं ते सीव्ही भरायला घाईघाईने जोडलेलं कसलंतरी रिसर्च, ज्याबद्दल दुसरा प्रश्न विचारला की गाडी अडते. फक्त पेशंट बघणं सुटून फार काळ जाऊ देऊ नका. आणि जुन्या प्रोग्रॅम डायरेक्टरपासून लपवून काही करू नका, कारण आधीच्या ट्रेनिंगचं व्हेरिफिकेशन आणि मूल्यमापन नवीन प्रोग्रॅमला नियमानेच मागवावं लागतं, त्यांना कळणार ते कळणारच, मग तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं.

डिप्रेशनमुळे थांबावं लागलं तर सांगायचं का, हेही पालक हळूच विचारतात. इंटरव्ह्यूत सगळा तपशील द्यायची गरज नाही, तब्येतीसाठी थांबले, आता बरी आहे, एवढं पुरतं. डॉक्टरकीच्या लायसन्सचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी २०२० मधे आत्महत्या केली, त्यांच्या नावाने २०२२ मधे कायदा झाला, मोहीमही उभी राहिली, आणि बऱ्याच राज्यांच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डांनी 'कधी मानसिक उपचार घेतलेत का' हा प्रश्न काढून टाकला. आता विचारतात ते सध्या कामावर परिणाम होईल असं काही आहे का एवढंच. गॅपचं कारण मात्र पुढे प्रत्येक हॉस्पिटलच्या फॉर्मवर लिहावं लागतं, नोकरी बदलली की परत, तेव्हा दोन ओळींचं खरं उत्तर ठरवून ठेवा आणि सगळीकडे तेच लिहा.

अजून एक, पगार थांबतो तसा हॉस्पिटलचा इन्शुरन्सही जातो, कोब्रा नावाच्या कायद्याखाली साधारण १८ महिने तोच चालू ठेवता येतो पण पूर्ण हप्ता आपल्या खिशातून, तो आकडा एचआरला राजीनाम्याआधी विचारून घ्यायचा. पुरवणीत या विषयावर परत लिहिणार असाल तर व्हिसाचं आणि हे इन्शुरन्सचं जरूर घ्या.

आपली,
एक वाचक (अमेरिकेतून)