बाराच्या भावात

सांगली,
रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर का झाला, ते सोबतच्या डब्यात आहे. उघडलास की म्हणशील, हा रुबिक क्यूब कुणी मुरगळला? मीच.

ह्याला फिशर क्यूब म्हणतात. टोनी फिशर नावाच्या इंग्रज माणसाची कल्पना. बाजारात तयार मिळतो हे मला माहीत आहे, ही रोज ऐकवते. पण मला तो घरीच करायचा होता. साधा क्यूब ५७ मिलिमीटरचा. त्याच्या चारी उभ्या कडा १२-१२ मिलिमीटर कापायच्या आणि चारी बाजूंच्या मधल्या उभ्या पट्टीवर तेवढीच भर घालायची, की तोच क्यूब ४५ अंशांत वळलेला दिसतो. एकूण २६ ठोकळे. त्यांतले १२ कापायचे, १२ वाढवायचे, वरचा-खालचा मधला तसाच. कागदावर पाच मिनिटांचं काम.

ठोकळे आतून पोकळ असतात, कापले की भोक पडतं. म्हणून आधी आत एम-सील भरलं. (घरातली टाकी दोन महिने गळतेय. त्यावरून काय झालं ते लिहीत नाही.) भर घालताना मात्र क्यूब जोडलेलाच लागतो, नाहीतर कड सरळ येत नाही. फटींत व्हॅसलिन लावायचं, म्हणजे एम-सील शेजारच्याला धरत नाही. एक फट राहिली. सकाळी बघतो तर दोन ठोकळे सख्खे भाऊ झालेले, ती बाजू हलेना. मुद्दाम असे चिकटवलेले क्यूबही असतात, त्यांना बँडेज्ड म्हणतात आणि ते भलतेच अवघड. दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की मला तोच करायचा होता. तिसऱ्या दिवशी ब्लेडनं फट कापली.

घासायला बारीक कानस मिरजेतून आणली. सतारमेकरांच्या गल्लीत एक ओळखीचे कारागीर आहेत. त्यांनी ठोकळा उजेडात धरला आणि म्हणाले, "जवारी काढतो तसं करा. दोन हात मारायचे आणि थांबायचं. आम्ही ऐकतो, तुम्ही फिरवून बघा." (जवारी काढणं म्हणजे सतारीची घोडी घासून सूर खुलवणं.) मी कुठला थांबतोय! लाल बाजूच्या मधल्या ठोकळ्यावर कानस सटकली, वरच्या अंगाला खाच पडली.

आता जोडणी. सुटे ठोकळे कसेही बसवले, तर साधा क्यूब सुटण्याची शक्यता १२ त एक. म्हणून रंग जुळवूनच बसवायचे. मी तसेच बसवले, लेकीकडून विस्कटून घेतला आणि काल रात्री सोडवायला बसलो. शेवटी वरच्या थरात एकच ठोकळा उलटा राहिला. अरे, साध्या क्यूबमध्ये एकटा ठोकळा उलटा राहूच शकत नाही, राहिले तर जोडीनंच! म्हटलं जोडताना चुकलो, महिना बाराच्या भावात गेला. उचकटायला स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला होता बघ.

आणि ती खाच दिसली. खालच्या अंगाला.

नव्या आकारात बाजूंच्या मधल्या चौघांवर एकेकच रंग येतो आणि ते वर-खाली सारखेच दिसतात. त्यामुळं एखादा उलटा बसला तरी डोळ्यांना पत्ता लागत नाही. वरच्या त्या एकट्याचा जोडीदार हाच लाल होता! थर फिरवत त्याला बाहेर काढून उलटा आत घेतला, वरचा थर पुन्हा लावला. साडेबारा वाजले होते. हिला उठवून दाखवला, तर म्हणाली, "टाकी?"

तुला विस्कटून पाठवतोय. खाच एकट्या लालला आहे, बाकीच्या तिघांचं तुझं तू बघ. आणि डब्यात हळदीची पुडी आहे, ती आधी बाहेर काढ. पांढरी बाजू पिवळी झाली तर मलाही सोडवता यायचा नाही.

तुझाच,
बाकावरचा शेजारी