रोहिताला गुलकंदात बुडवू नका

संपादक महोदय,

हिवाळा आला की उजनी जलाशयाकाठच्या भिगवणच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची छायाचित्रे सगळीकडे झळकतात. त्यातले बरेच रोहित गुलकंदात बुडवून काढल्यासारखे दिसतात. तिथे येणारा मोठा रोहित मुळात पांढुरका, फिकट गुलाबी असतो. गडद तांबडा आणि काळा रंग पंखांत असतो, तो पंख उघडल्यावरच नीट दिसतो. संपादन करताना आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा तोल, जुळवावा. मग गुलाबी रंग वाढवावासा वाटतच नाही.

खरी चूक मात्र टिपतानाच होते. गडद पाण्यावर पांढरा बगळा असला की कॅमेरा चित्र उजळ करतो आणि पिसांचे पोत जळतात. जळलेला पांढरा रंग रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही) परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर (चित्रात घेतला जाणारा प्रकाश) दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. वारकरी (कूट) हा पाणपक्षी टिपताना तर पंचाईतच: अंग काळे, चोच पांढरीशुभ्र. तिथे चोच सांभाळावी. काळ्यातला तपशील नंतर उचलता येतो.

होडीचे इंजिन बंद करायला सांगावे, नाहीतर थरथर चित्रात उतरते. लेन्स काठावर तांदळाच्या पिशवीवर टेकवून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावी. शटरचा वेग उभ्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२००० सेकंद ठेवावा. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा हलते. तेव्हा महागडी लेन्सही दुधाळ चित्र देते. संपादनात शार्पनिंग (कडा धारदार करणे) फक्त डोके-चोचीवर करावे, पाण्यावर केल्यास दाणे उठतात.

आणि उड्डाणाच्या फोटोसाठी होडी थव्यात घालू नये. रोहिताला उडण्याआधी पाण्यावर धावावे लागते.

– एक वाचक, पुणे