कूपन म्हणजे देणगी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती झाले, नवरात्र झालं, आता कोजागरी आली की आपल्या पुण्यात सोसायट्या, शाळा, क्लब सगळीकडे लकी ड्रॉचं पीक येतं. कुणाच्या ऑपरेशनसाठी, कुठल्या अनाथाश्रमासाठी, कूपन फक्त शंभर रुपये आणि पहिलं बक्षीस स्कूटर. मी सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीची खजिनदार आहे आणि असली कूपनं मी स्वतः दारोदार फिरून विकलीत, त्यामुळे या पत्राला कबुलीजबाब म्हणलं तरी चालेल.

गेल्या वर्षी आम्ही डायलिसिसच्या पेशंटसाठी दोन हजार कूपनं छापली. सगळी खपली. आमच्या सी विंगमधले एक काका, रिटायर्ड, पेन्शनवर घर चालतं, त्यांनी आधी पाच घेतली, दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी गाठून अजून दहा, मग वीस, आणि शेवटची पंचवीस तर उधारीवर, "पेन्शन झाली की देतो". मी दिली. खोटं कशाला बोलू, बंडल संपतंय याचाच आनंद झाला होता मला.

कोजागरीच्या रात्री गच्चीवर मसाला दूध, आणि कूपनं धुऊन पुसलेल्या पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात. कामाला येणाऱ्या मावशींच्या सात वर्षांच्या मुलीचे डोळे ओढणीने बांधले, तिने चिठ्ठी काढली. काका पहिल्या रांगेत, साठ कूपनं नंबरवारी लावून वर रबरबँड. (कोजागरीला जागायला फासे खेळायची जुनी रीत आहेच म्हणा, पण ते घरातल्या घरात.) स्कूटर लागली ए विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका कॉलेजच्या पोराला, ज्याने मला दारातून कटवायला म्हणून एकच कूपन घेतलं होतं. नंबर पुकारून झाला, टाळ्या झाल्या तरी काका आपला गठ्ठा चाळतच होते, आणि नंतर उत्तेजनार्थ बक्षिसातल्या स्टीलच्या डब्यापर्यंत प्रत्येक नंबरला परत पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या, "अगं, सहा हजार दिलेत म्हणे यांनी, त्याची पावती दे, टॅक्समध्ये धरता येईल म्हणतायत". आता काय सांगणार? टॅक्समधली सूट देणगीला मिळते, तीसुद्धा नोंदणी असलेल्या संस्थेला दिली तर आणि दोन हजारांच्या वरची रोख चालत नाही. कूपन ही देणगीच नाही, ते स्कूटर मिळायच्या चान्सचे पैसे.

मग रात्री हिशोब घालत बसले. दोन हजार कूपनं म्हणजे दोन लाख जमले. स्कूटर नव्वद हजार, मिक्सर, कुकर वगैरे पंधरा, उरले पंचाण्णव हजार. म्हणजे काकांच्या सहा हजारांतले जेमतेम २,८५० पेशंटकडे गेले, आणि साठ कूपनं घेऊनही स्कूटर लागायचा चान्स किती तर शंभरात तीन. सत्त्याण्णव वेळा हात हलवत घरी. हे कूपनावर छापलं असतं तर किती खपली असती?

त्या पोराचं वेगळंच. बिल्डिंगमधले सीए म्हणाले, सोडतीच्या बक्षिसावर तीस टक्के टॅक्स, आणि बक्षीस वस्तूचं असेल तर चावी द्यायच्या आधी तो भरून घ्यायचा. नव्वदवर सत्तावीस हजार! पोरगा म्हणाला, "ताई, मला मिक्सरच द्या". शेवटी त्याच्या वडिलांनी भरले. त्याच सीएंनी मग आम्हाला भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ दाखवलं, सरकारची नाही किंवा सरकारने परवानगी दिलेली नाही अशी लॉटरी चालवायला जागा ठेवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. सरकारची स्वतःची महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, पण म्हणून आपण गच्चीवर दुसरी काढावी असं नाही ना.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमविरुद्ध कायदा केला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी थम्ब्ज-अप टाकले, आणि त्याच ग्रुपवर चार दिवसांनी क्यूआर कोड टाकून "शेवटची ४० कूपनं, त्वरा करा". धर्मादाय म्हणलं की आपल्याला तो जुगार वाटतच नाही, हीच खरी गोम आहे. घ्यायचंच असेल तर एक घ्या, पैसे गेले असं धरून घ्या, आधी विचारा की शंभरातले संस्थेला किती पोचणार, आणि "आता एवढी घेतलीत तर अजून दोन" असं मनात आलं की दार लावा. विकणाऱ्यांनी उधारी तर अजिबात देऊ नये, आणि शाळेतल्या पोरांच्या हातात दहा-दहाची बुकं देऊन आजी-आजोबांना गळ घालायला लावणं मला तरी पटत नाही. कुणाचा हात खरंच थांबत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, फोन करायला लाजू नये.

यंदा आम्ही कूपनच बंद केलंय. देणगी थेट संस्थेच्या नावाने चेकने, पावती संस्थेची, ज्याला द्यायची तो देईल. ड्रॉ आहे, पण देणगी दिली नाही तरी प्रत्येक फ्लॅटला एक चिठ्ठी फुकट, बक्षिसं दुकानदारांकडून मिळालेली, मोठ्यात मोठं म्हणजे इस्त्री. परवा काका पाचशेचा चेक घेऊन आले आणि म्हणाले, "मग पाच चिठ्ठ्या दे".

म्हणलं, काका, घराला एकच.

जरा वेळ दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "बरं, मुलाच्या नावाने एक?" मुलगा बंगलोरला असतो.

– एक खजिनदार, सिंहगड रोड, पुणे