चित्राखालची ओळ कापू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील रिजन्सी काळावर, म्हणजे राजाच्या आजारपणात राजपुत्राने ‘रिजंट’ म्हणून कारभार पाहिला त्या वर्षांवर, पानभर लेख प्रसिद्ध झाला. त्या काळावरच्या परदेशी मालिका अलीकडे घरोघरी पाहिल्या जात असल्याने तो आवडीने वाचला गेला असणार, आणि लेखनाबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती सोबतच्या चित्राबद्दल. ब्रायटन येथील रॉयल पॅव्हिलियन या रिजंटच्या वाड्याचे ते चित्र ‘१८१५ मधील दुर्मीळ छायाचित्र’ या फोटोओळीखाली छापले गेले आहे. छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जगासमोर मांडली गेली ती १८३९ मध्ये, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना ज्या वर्षी गादीवरून दूर करण्यात आले त्या वर्षी. शिवाय चित्रात दिसणारे घुमट १८१५ मध्ये उभेही राहिले नव्हते. त्या वर्षी जॉन नॅश या वास्तुशिल्पीने जुन्या इमारतीच्या फेरबांधणीला हात घातला आणि काम १८२२ पर्यंत चालले. चित्राची ठेवण पाहता ते नॅशने राजाच्या आज्ञेवरून १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातले असावे, असे मला वाटते. तोवर रिजंट हा रिजंट उरलाच नव्हता. वडील तिसरे जॉर्ज आजारी असल्याने १८११ पासून त्यांच्या वतीने कारभार पाहणारा हा राजपुत्र १८२० मध्ये स्वतःच चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला होता.

‘वाटते’ असे म्हणावे लागते, कारण खात्री करून देणारी, मूळ चित्राखाली कोरलेली नावे-तारखेची ओळच आपल्या पानावर कापली गेली आहे. पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मी साताऱ्यात एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक सुटे पान फार पूर्वी घेतले होते. ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’ या १८०८ ते १८१० या काळात निघालेल्या तीन खंडांतले. त्या ग्रंथात अशी १०४ रंगीत चित्रे आहेत. माझ्या पानावर ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीतले लिलावाचे दालन आहे. भिंगाखाली धरले की त्यातली करडी छटा रेघांची नसून बारीक दाण्यांची आहे हे दिसते. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड भुरभुरवून ती तापवून चिकटवायची, दाण्यांच्या फटींतून आम्लाला पत्रा खाऊ द्यायचा, जिथे उजेड हवा तिथे वॉर्निश लावून आम्ल अडवायचे आणि गडद भागासाठी पुन्हा पुन्हा आम्लात बुडवायचे, अशी ही अॅक्वाटिंटची रीत. जलरंग मात्र छपाईनंतर प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेले असत. माझ्या पानावरच्या एका गृहस्थाच्या कोटाचा निळा रंग बाह्यरेषा ओलांडून शेजाऱ्याच्या बाहीवर गेला आहे, आणि त्या चित्रातली मला सर्वांत आवडणारी जागा तीच आहे.

हे पान मी चौकटीत बसवायला दिले तेव्हा कारागिराने माउंट नीट बसावा म्हणून खालची बोटभर पट्टी कापून टाकली. माझ्या लक्षात येईपर्यंत ती कचऱ्यात गेली होती. त्यातला ‘१०१, स्ट्रँड’ एवढाच तुकडा हाती लागला. रुडॉल्फ आकरमान या प्रकाशकाच्या दुकानाचा तो पत्ता. तारखेचा भाग गेला तो गेलाच. या पट्टीवर साधारणतः डाव्या कोपऱ्यात चित्र रेखाटणाऱ्याचे आणि उजव्या कोपऱ्यात पत्रा कोरणाऱ्याचे नाव असते, तर मधोमध प्रकाशकाचे नाव, पत्ता व तारीख. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या पुढाकाराने १७३५ मध्ये इंग्लंडात झालेल्या कायद्यानुसार चित्रावर हक्क सांगायचा तर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावर कोरणे भाग होते. सातबाऱ्याचा उतारा फाडून शेताचा नुसता नकाशा जपून ठेवावा, तसे ही पट्टी कापल्याने होते.

नावे कळल्याने चित्राकडे पाहण्याची रीतच बदलते. ‘मायक्रोकॉझम’मधल्या इमारती ऑगस्टस पुजिन याने काढल्या आणि माणसे टॉमस रोलंडसन याने. पुजिन मापात चालणारा, खांबाची जाडी आणि कमानीची उंची न चुकवणारा. रोलंडसन व्यंगचित्रकार, पोट सुटलेला सावकार आणि डुलक्या घेणारा कारकून दिसला की त्याच्या हाताला जोर येई. तेव्हा या चित्रांतल्या छताच्या नक्षीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. माणसांच्या चेहऱ्यांवर तो जपून ठेवावा. आपल्या लेखातला समाज म्हणजे नृत्यसमारंभ, मलमलीचे झगे आणि घोडागाड्या एवढाच आहे. याच ग्रंथात कर्जबाजाऱ्यांचा फ्लीट तुरुंग आहे, निराधारांना कामाला जुंपणारे ‘वर्कहाउस’ आहे आणि भर चौकात खोड्यात अडकवलेला गुन्हेगारही आहे. ही चित्रे त्याच श्रीमंत गिऱ्हाइकांनी विकत घेतली, हे विशेष.

ब्रायटनच्या घुमटांविषयी ‘ही तर आपलीच नक्कल’ असे लेखात अभिमानाने म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. नॅश हिंदुस्थानात कधी आला नाही. हिंदुस्थानी घुमट इंग्लंडात पोहोचले ते मुख्यतः छापील चित्रांतून. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ ते १७९३ या काळात इकडे फिरून केलेल्या रेखाटनांवरून १७९५ ते १८०८ दरम्यान १४४ अॅक्वाटिंट चित्रे प्रसिद्ध केली. ग्लॉस्टरशायरमधील सेझिनकोट या हवेलीच्या बांधणीत टॉमसचाच सल्ला होता, आणि ब्रायटनला तिच्यापासून स्फूर्ती मिळाली असे मानले जाते. घुमटाचे वळण उत्तरेकडचे, मोगल धाटणीचे. आत मात्र सजावट चिनी थाटाची. ज्याला आपण आपली नक्कल म्हणतो तो असा चित्रावरून काढलेल्या चित्राचा बिडाच्या सांगाड्यावर चढवलेला साज आहे.

आपल्या मुलखाचा संबंध डॅनियल यांच्या या चित्रमालेत आहे, पण तो वेगळ्या जागी. तिच्यातली वेरूळची चोवीस चित्रे पुण्याच्या दरबारात वावरलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत काम करत असे, आणि त्यानेही वेरूळची लेणी रेखाटली होती. वेरूळच्या भागाच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल ही दोनच नावे आहेत. म्हणजे जी ओळ जपा असे मी म्हणतो तीही सर्वांना न्याय देणारी नाही, हे मान्य केले पाहिजे; निळा रंग सांडणाऱ्या हाताचे नाव तर कोणत्याच पट्टीवर सापडत नाही.

एक गोष्ट अॅक्वाटिंट लपवते. नॅशच्या लंडनमधील भव्य दर्शनी भिंती विटांच्या असून त्यांवर दगडाचा भास देणारा गिलावा आहे. करड्या छटेत दगड आणि गिलावा सारखेच दिसतात. वाड्यांचा चुना पोपडे धरताना पाहिलेल्या सातारकरांना यात नवल वाटू नये.

ही चर्चा दूरदेशीची वाटत असेल, तर दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडेस्वार घातले गेले आणि जॉर्ज क्रुकशँकने त्या प्रसंगाचे जळजळीत चित्र काढले. त्यानंतर चाळीस दिवसांनी, २५ सप्टेंबरला, कंपनी सरकार आणि सातारकर छत्रपती यांच्यात तह झाला. दोन्ही घटना रिजंटच्याच अमदानीतल्या. आपल्याकडेही चित्रे होत होतीच. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर ती आजही आहेत. पण आपल्या चिताऱ्यांनी भिंतीवर नाव-तारीख घालण्याची रीत पाळली नाही, म्हणून काळ ठरवताना आपण वाद घालत बसतो. ज्यांनी ती घातली, त्यांची तरी आपण कापू नये.

तेव्हा विनंती अशी की, जुने छापील चित्र प्रसिद्ध करताना ते समासासह घ्यावे, आणि जागा नसेल तर चित्रकार, कोरणारा, प्रकाशक व वर्ष फोटोओळीत द्यावे. पॅव्हिलियनचे ते चित्र पुढील रविवारी तळाच्या ओळीसह पुन्हा छापता आले तर उत्तम. आपल्या संग्रहातील मूळ प्रतीवर ती ओळ असेल, तर तारीख मला आधी कळवावी. १८२६ चा माझा अंदाज चुकला असल्यास तेही जाहीर करण्यास माझी ना नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
सातारा