नवजात बाळांचं इन्फेक्शन आणि न विचारलेले प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर, म्हणजे जंतू औषधांना दाद देईनासे होतात त्यावर, जे काही येतं ते मी पूर्ण वाचते, कारण माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून झाली आणि त्यातली बरीच वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात म्हणजे एसएनसीयूत गेली. पण लेख कोणताही घ्या, शेवटी गाडी तिथेच येते, की पालकांनी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने औषधं घेऊ नयेत, डॉक्टरांनी सांगितलेला डोस चुकवू नये वगैरे. ते बरोबरच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण दोन दिवसांच्या बाळाने कुठे मेडिकलमधून औषध घेतलंय? ज्या बाळाच्या तोंडात अजून आईचं दूधही नीट गेलेलं नाही त्याच्या रक्तात चार-चार औषधांना दाद न देणारे जंतू सापडतात, ते तिथे आले कुठून, हे कुणी विचारत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबलंय पण सांभाळून घ्या.

यावर आपल्याच देशात फार मोठं काम झालंय आणि ते लोकांपर्यंत यायलाच पाहिजे. दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांमध्ये, एम्स, सफदरजंग आणि मौलाना आझाद कॉलेजचं लोकनायक, 2011 ते 2014 या काळात तिथेच जन्मलेल्या आणि नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या 13 हजारांहून जास्त बाळांवर लक्ष ठेवून अभ्यास केला गेला आणि 2016 मध्ये तो लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात दिसलं काय, तर सेप्सिस म्हणजे रक्तातलं इन्फेक्शन झालेल्या बाळांपैकी साधारण दोन तृतीयांश बाळांना ते जन्मल्यापासून 72 तासांच्या आतच झालेलं होतं. सगळ्यात जास्त सापडलेला जंतू असिनेटोबॅक्टर, आणि त्यातले 82 टक्के जंतू तीन किंवा जास्त गटांतल्या औषधांना दाद न देणारे. दुसऱ्या नंबरला क्लेबसिएला, त्यातलेही निम्म्याहून जास्त तसेच. त्या बाळांमधल्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यू सेप्सिसमुळे.

आमच्या पुस्तकात शिकवलेलं असायचं की पहिल्या तीन दिवसांतलं इन्फेक्शन हे आईकडून येतं आणि त्यानंतरचं वॉर्डातून. दिल्लीच्या अभ्यासात मात्र पहिल्या तीन दिवसांत सापडलेले जंतू आणि नंतर सापडलेले जंतू जवळपास सारखेच निघाले. याचा अर्थ माझ्या मते तरी सरळ आहे, लेबर रूमपासूनच, म्हणजे ज्या टेबलावर बाळ पहिल्यांदा ठेवतात, ज्या नळीने त्याचं तोंड साफ करतात, जे हात त्याला पहिल्यांदा धरतात, तिथूनच हे सुरू होतंय. आयांना दोष देऊन किंवा 'अस्वच्छ राहतात हो ही लोकं' असं म्हणून (मी हे किती वेळा ऐकलंय) काही होणार नाही.

आता वॉर्डात काय चालतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कागदावर तीन-चार बाळांमागे एक नर्स असं प्रमाण आहे. प्रत्यक्षात नाइटला दोन सिस्टर, आणि गर्दीच्या दिवसात एका वॉर्मरवर (बाळाला ऊब देणारं टेबल) दोन बाळं, कधी तीन. एका बाळाला नळीने दूध द्यायचंय, दुसऱ्याची सलाईन बाहेर गेलीय, तिसऱ्याचा मॉनिटर वाजतोय, आणि प्रत्येक बाळाला हात लावायच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. हँडरबची, म्हणजे पाण्याशिवाय हातांना चोळायच्या औषधाची, बाटली प्रत्येक वॉर्मरला लटकवलेली असली तर ते वीस-तीस सेकंदांत होतं, पण बाटली संपलेली असली आणि बेसिन वॉर्डाच्या त्या टोकाला असलं तर काय होणार हे सांगायला संशोधक कशाला पाहिजे. क्लेबसिएलासारखे जंतू ओल्या जागी मजेत राहतात, बेसिनचा पाइप, ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमधलं पाणी, उघडून ठेवलेली सलाईनची बाटली. म्हणून ज्या वॉर्डात सिस्टर कमी तिथे रेझिस्टन्स जास्त असणार हे माझं पक्कं मत आहे आणि यावर कुणी कितीही औषधांची नावं सांगितली तरी ते बदलणार नाही.

दुसरी गोष्ट ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं ते बघायच्या तपासणीची. बाळ दूध पीत नाहीये, मलूल पडलंय, अंग गार लागतंय, पोट फुगलंय, श्वास जोरात चाललाय, अशा वेळी शंका सेप्सिसची. दीड किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून सव्वाशे-दीडशे मिली रक्त, त्यातून एक मिली कल्चरसाठी काढायचं. आधी त्वचा स्पिरिटने मग बीटाडिनने पुसायची, आणि ती सुकेपर्यंत थांबायचं, इथेच घाई होते, न सुकता सुई घातली की त्वचेवरचे जंतू बाटलीत जातात आणि रिपोर्ट चुकीचा येतो आणि मग त्या चुकीच्या रिपोर्टवर बाळाला विनाकारण भारी औषध सुरू होतं. रक्त घेतलं की लगेच पहिला डोस द्यायचा, रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. पण दोन दिवसांनी रिपोर्ट आला की औषध बदलायचं, कमी करायचं किंवा जंतू नाहीच आला आणि बाळ चांगलं असलं तर बंद करायचं, सगळा खेळ या शेवटच्या भागात आहे. जिथे मायक्रोबायोलॉजी लॅबच नाही तिथे हे सगळं अंदाजावर चालतं. अँपिसिलिन-जेंटा (जेंटामायसिन) या साध्या अँटिबायोटिक्सने फरक नाही पडला की त्याहून भारी पिपटाझ, त्याने नाही की मेरो (मेरोपेनेम), मेरोनंतर कोलिस्टिन, आणि कोलिस्टिननंतर काय याचं उत्तर डॉक्टरांकडेही नसतं. मी डॉक्टरांना दोष देत नाहीये, समोर बाळ जात असताना आणि हातात रिपोर्ट नसताना कुणीही हेच करेल.

आणि हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. 2018 ते 2020 मध्ये भारतासह 11 देशांतल्या 19 हॉस्पिटलांत सेप्सिसच्या 3200 बाळांचा एक अभ्यास झाला, नियोऑब्स नावाचा, त्यात दिसलं की या बाळांना अँटिबायोटिकची 200 हून जास्त वेगवेगळी कॉम्बिनेशन्स दिली गेली होती. दोनशे! म्हणजे जो तो आपापल्या परीने धडपडतोय. त्यातली 11 टक्के बाळं 28 दिवसांत गेली. यात अजून एक गोष्ट मला फार लागते, की नवीन अँटिबायोटिक आलं की ते आधी मोठ्यांवर तपासलं जातं, आणि नवजात बाळाला किती डोस द्यायचा हे कुणी लवकर तपासतच नाही. 2000 सालानंतर मोठ्यांसाठी मंजूर झालेल्या चाळीसेक अँटिबायोटिक्सपैकी जेमतेम चारांच्या माहितीत नवजात बाळांचा डोस दिलेला आहे. बाळांचं किडनी-लिव्हर कच्चं असतं, मोठ्यांच्या डोसला वजनाने भागून चालत नाही, ते वेगळं शोधावंच लागतं.

हे सगळं लिहिताना मला आपल्या गडचिरोलीची आठवण येते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, सेप्सिसची लक्षणं कशी ओळखायची, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल कसं द्यायचं. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या दुसऱ्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई घरी जाऊन बाळ बघतात ते त्याच कामातून आलंय. विचार करा, सातवी-आठवी शिकलेली गावची बाई एका स्वस्त इंजेक्शनने बाळ वाचवू शकत होती कारण गावातले जंतू त्या इंजेक्शनला दाद देत होते. मोठ्या हॉस्पिटलातल्या जंतूंवर आज तेच जेंटा कित्येकदा चालत नाही. ते जंतू घरी जाणाऱ्या बाळांबरोबर गावात पोचले तर आपल्या हातातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लांबपर्यंत पोचणारं हत्यार जाईल, आणि मग धानोरा, भामरागडच्या बाळाला काय द्यायचं? मेरोपेनेम दिवसातून दोन-तीनदा शिरेतून द्यावं लागतं, ते झोपडीत देता येत नाही.

एक चांगली गोष्टही सांगते कारण ती कमी लोकांना माहितीये. त्याच सफदरजंग हॉस्पिटलात आणि आफ्रिकेतल्या चार देशांत जागतिक आरोग्य संघटनेने 3200 कमी वजनाच्या बाळांवर तपासणी केली, की बाळ जन्मलं की लगेच, ते स्थिर व्हायची वाट न बघता, आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवलं तर काय होतं. आईला पण अतिदक्षता विभागातच बाळाजवळ पलंग दिला. 2021 मध्ये रिझल्ट आला, मृत्यू 25 टक्के कमी, आणि सेप्सिसची शंकाही कमी बाळांत आली. कारण आई जवळ असली की दूध तिचंच मिळतं, तिच्या त्वचेवरचे साधे जंतू बाळाच्या अंगावर येतात, आणि दहा जणांचे हात लागत नाहीत. आमच्या वेळेला आईला काचेच्या बाहेर उभं ठेवायचे, ती बिचारी टाक्यांच्या वेदना घेऊन पाय सुजेपर्यंत उभी असायची. अजूनही कित्येक ठिकाणी तसंच आहे, खाजगीत तर जास्तच.

घरातल्या मोठ्या मुलांबद्दल एवढंच म्हणेन की सर्दी-खोकला आणि पातळ संडास बहुतेक वेळा व्हायरसने होतात, त्याला अँटिबायोटिक लागत नाही, पातळ संडासाला ओआरएस आणि झिंक लागतं. आणि ड्राय सिरपची बाटली एकदा पाणी घालून हलवली की ती थोडेच दिवस चालते, उरलेलं फ्रिजच्या दारात ठेवून पुढच्या तापाला किंवा धाकट्याला देऊ नका. पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नका. मेडिकलवाल्या भाऊंनी पण देऊ नये, शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांचं रजिस्टर ठेवायचा नियम 2014 पासून आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आपल्या एसएनसीयूत कोणते जंतू सापडले आणि कोणतं औषध किती टक्के चाललं याचा तक्ता दर सहा महिन्यांनी जाहीर करावा, म्हणजे डॉक्टरला पहिला डोस तरी आपल्या वॉर्डाचं बघून देता येईल. त्यात कुणाला पकडायचं नाही, आकडे वाईट आले म्हणून इन्चार्ज सिस्टरला मेमो देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळेपासून कल्चर पाठवणंच बंद होईल. रिकामी नर्सची पदं भरा, कंत्राटी मुलींना दर वर्षी टांगणीवर ठेवू नका, शिकवून तयार झालेली सिस्टर गेली की तिच्याबरोबर सगळं शिकवलेलं जातं.

आणि तुमच्या वार्ताहरांना विनंती, नवीन वॉर्मर आणि व्हेंटिलेटरच्या उद्घाटनाची बातमी घ्यायला गेले की तिथल्या सिस्टरला बाजूला घेऊन एवढं विचारा, या पाळीत बाळं किती आणि तुम्ही किती जणी आहात, कल्चरचा रिपोर्ट यायला किती दिवस लागतात, आणि आईला आत बाळाजवळ बसू देतात का. उत्तरं जशी मिळतील तशी छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
जि. चंद्रपूर