दोन कंपन्या, खांब एकच

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रबाळे एमआयडीसीत आमचं लेबल छापायचं छोटं युनिट आहे. मागच्या आठवड्यात माल भरून टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि मालासोबत लागणारं जीएसटीचं ई-वे बिल काही निघेना, कारण नेट गेलेलं. मी निवांत, म्हटलं दुसऱ्या कंपनीची लाईन खास बॅकअपला घेतलीय ना. तीपण बंद! बाहेर जाऊन बघतो तर जेसीबीने खांब आडवा केलेला आणि दोन्ही कंपन्यांच्या काळ्या वायरी त्याच खांबावरून तुटून गटारात लोंबतायत. दोन वर्षं दोन बिलं भरत होतो ती एकाच खांबाच्या भरवशावर. शेडच्या पत्र्याखाली रेंज येत नाही, शेवटी रस्त्यावर उभं राहून मोबाईलवर बिल काढलं. आणि बाजूला ऐरोली, महापेपर्यंत ही मोठमोठी डेटा सेंटर!

जेसीबीवाल्याचं सोडा, माझा राग 'बिझनेस प्लॅन' या शब्दावर आहे. विकायला आलेला पोरगा 'सर, २०० ची स्पीड' एवढंच बोलतो. ते सेकंदाला २०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे ८ ने भागलं की सेकंदाला २५ मेगाबाईट, आणि तेही 'अप टू'. या नावाखाली आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडतं ते बहुतेक वेळा घरचंच फायबर, एका फायबरला स्प्लिटर लावून ३२ नाहीतर ६४ कनेक्शनं काढलेली, सगळ्यांत मिळून खाली यायला अडीच गिगाबिट आणि वर जायला त्याच्या निम्मं. घरी पिक्चर बघायला झकास, पण आम्हाला छपाईची प्लेट काढायला दीड-दोन जीबीच्या फाईली वर चढवायच्या असतात, आणि अपलोडचा आकडा विचारला की पोरगा म्हणतो ऑफिसला विचारून सांगतो.

लीज्ड लाईन ही वेगळी चीज. जेवढी घेतली तेवढी फक्त तुमची, वर-खाली सारखी स्पीड, स्टॅटिक आयपी म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता, आणि बंद पडली तर किती तासात चालू करणार ते करारात लिहून. भाव मात्र ब्रॉडबँडच्या कितीतरी पट, छोट्या युनिटला झेपत नाही, हे कबूल. मग निदान बॅकअप तरी वायरचा नको, छतावर अँटेना लावून फाइव्ह-जीचं घ्यावं, टॉवरवर गर्दी झाली की मंदावतं पण गटारात तरी लोंबत नाही.

सरकारी व्याख्येत २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २ मेगाबिट (एमबीपीएस), त्याआधी तर ५१२ किलोबिटच होतं, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. अपलोड किती, लाईन कितीजणांत वाटलेली, दुरुस्तीला किती तास आणि वायर कुठल्या रस्त्याने येते, एवढं कंपन्यांनी विकतानाच कागदावर द्यावं.

वायरचा रस्ता विचारायला मी दोघांनाही मेल टाकला. एकाचा फोन आला, म्हणाला सर, ३०० चा प्लॅन घ्या.

आपला,
एक वाचक, रबाळे, नवी मुंबई