स्वादुपिंडाचा कर्करोग : प्रयोग बशीत झाला की माणसावर?

महोदय,

समुद्री जीवांपासून मिळालेल्या रसायनाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात, अशा आशयाच्या बातम्या आपल्यासह सर्वच वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. त्या खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. त्या अर्ध्या असतात, आणि उरलेला अर्धा भाग ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांना पदरमोड करून समजून घ्यावा लागतो.

नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंचे दुखणे आधी कावीळ म्हणून धरले गेले आणि नंतर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निघाले. केमोथेरपी सुरू झाली, आणि त्याच सुमारास अशा एका बातमीचे कात्रण व्हॉट्सॲपवर फिरत फिरत वहिनींपर्यंत पोहोचले. आठवडाभरात तपकिरी समुद्री शेवाळापासून काढलेल्या ‘फ्युकॉइडन’च्या कॅप्सूलची साडेचार हजारांची डबी घरात आली. पुढे लाटांचे चित्र आणि मागे, चष्मा लावूनही वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’. तिसऱ्या सलाइनच्या दिवशी वहिनींनी ती डबी पिशवीतून काढून डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनचा. या कर्करोगात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मोठा असल्याने दादांना ते रोज पोटात टोचले जात होते, आणि फ्युकॉइडनमध्येही हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाप्रमाणे रक्त गोठू न देण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे. कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या.

गंमत अशी की, समुद्राचे देणे दादांच्या शिरेत आधीपासूनच जात होते. 1950च्या सुमारास वेर्नर बेर्गमान या रसायनशास्त्रज्ञाला एका समुद्री स्पंजात नेहमीपेक्षा वेगळी साखर असलेले न्यूक्लिओसाइड (डीएनए ज्यांपासून बनतो तशा घटकांपैकी एक) सापडले. त्या धाग्यावरून रक्ताच्या कर्करोगावरचे सायटाराबिन तयार झाले, 1969 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि त्याच कुळातले, साखरेवर फ्लोरिनचे दोन अणू बसवलेले जेमसायटाबिन 1996 मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. अर्ध्या तासात शिरेतून दिले जाणारे हे औषध आज भारतात सर्रास वापरले जाते. मात्र ज्या चाचणीच्या बळावर ते मान्य झाले, तिचे आकडे पाहावेत : जुन्या औषधावरील रुग्णांचे मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 4.41 महिने होते, तर जेमसायटाबिनवरील रुग्णांचे 5.65 महिने, म्हणजे फरक सुमारे पाच आठवड्यांचा. रुग्णाच्या घरी पाच आठवडे थोडे नसतात, पण मथळ्यात ते ‘रामबाण’ म्हणून बसत नाहीत.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मरतात आणि माणसाच्या पोटातली गाठ मरत नाही, याला कारणे आहेत. या गाठीभोवती चिवट तंतुमय ऊतींचे दाट वेष्टन असते आणि आत रक्तवाहिन्या विरळ असतात, त्यामुळे औषध नीट पोहोचतच नाही. बशीत हे वेष्टन नसते. शिवाय आजार कळतो तोवर अनेकदा तो यकृतापर्यंत गेलेला असतो. जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या ‘बुगुला’ या जीवापासून मिळालेले ब्रायोस्टॅटिन प्रयोगशाळेत आश्वासक ठरले होते, पण पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीने स्वादुपिंडाच्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली तेव्हा ते उपयोगी ठरले नाही. प्रयोगशाळेतल्या यशाची बातमी होते, अशा अपयशाची सहसा होत नाही.

आणखी एक गोष्ट या बातम्यांत हटकून राहून जाते, ती पुरवठ्याची. जपानी संशोधकांना 600 किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे द्रव्य जेमतेम 12.5 मिलिग्रॅम मिळाले होते. त्याच्या रेणूचा कामाचा भाग कारखान्यात कृत्रिमरीत्या घडवता आला, तेव्हा कुठे एरिब्युलिन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध 2010 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शेवाळ वाळवून कॅप्सूलमध्ये भरणे आणि औषध घडवणे यांत एवढे अंतर आहे.

समुद्रावरचे संशोधन थांबावे असे मी कशाला म्हणेन? माझी मागणी दोन ओळींची आहे. अशा प्रत्येक बातमीत प्रयोग बशीतील पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, आणि माणसांवर झाला असल्यास किती जणांवर, हे मथळ्याच्या लगेच खाली छापावे. तसेच बातमी देण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था खारघरलाच आहे आणि ठाण्याहून पनवेल लोकलने बातमीदाराला तिथवर जाता येते.

– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई